शेजार आणि मूल



ज्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी एक गोष्ट ऐकली आहे, आणि आजच्या विषयाचा उगम तीतच आहे. हजेरीपटावर एखाद्या मुलापुढे लागोपाठ तीन दिवस गैरहजेरीची खूण पडली, की चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या त्याच्या घरी जावयास निघत. परंतु त्या घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी आळीतल्या दोन-तीन घरी टेकत, कोठे पाणी मागत, कोठे म्हाताऱ्या माणसाच्या प्रकृतीची विचारपूस करीत, आणि मुलाच्या आईशी बोलण्याच्या आधीच त्या घराला आजूबाजूचा आधार किती आहे याचा अदमास घेऊन ठेवीत. मुलाचे दुःख जाणून घ्यावयाचे तर आईबापांच्या बरोबरीने शेजाराचीही चौकशी केली पाहिजे, हा त्यांचा नित्याचा परिपाठ होता. हाच विचार अमेरिकेतील संशोधकांनी गेल्या अर्धशतकात आकडे, नकाशे आणि मुलाखती यांच्या साहाय्याने कसा पारखून पाहिला, त्यातून काय सिद्ध झाले, कोठे सावधगिरी बाळगावी लागली, आणि आपल्या चाळींना, वाड्यांना व वस्त्यांना त्यापासून काय घेण्यासारखे आहे, हे आज आपल्यापुढे मांडण्याचा माझा मानस आहे.

आरंभी दोन शब्दांची फोड करणे अवश्य आहे. मुलाला मारहाण करणे, त्याच्या देहाची विटंबना करणे, शब्दांनी त्याचे मन सोलून काढणे, याला आपण छळ म्हणतो. परंतु त्याला वेळेवर अन्न नसणे, आजारात औषध नसणे, दिवसभर त्याच्यावर कोणाचीच नजर नसणे, याला मराठीत ‘आबाळ’ असा एक फार नेमका शब्द आहे. छळात कोणीतरी काही करतो. आबाळीत जे करावयाचे ते करावयास कोणी नसते. अमेरिकेतील सरकारी दफ्तरांत दरसाल ज्या मुलांची नोंद होते, त्यांतील निम्म्याहून अधिक मुले छळाची नसून आबाळीची बळी असतात. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे वस्तीचा विचार का करावा लागतो हे पुढे आपोआप उलगडत जाईल.

आता एका घराकडे जाऊ. १८७३ सालच्या हिवाळ्यात न्यूयॉर्क शहराच्या पश्चिम भागातील गरीब मोहल्ल्यात एटा व्हीलर नावाची, एका धर्मसंस्थेतर्फे घरोघर जाऊन रुग्णांची व निराधारांची विचारपूस करणारी स्त्री हिंडत असे. भाडेकरूंच्या एका इमारतीत एका शेजारणीने तिच्या कानावर अशी हकीकत घातली, की आपल्या मजल्यावरील एका दांपत्यापाशी एक लहान मुलगी होती, तिला ते कोंडून ठेवीत आणि मारीत, आणि आता ते बिऱ्हाड त्याच रस्त्यावरील दुसऱ्या इमारतीत गेले आहे. व्हीलरबाई त्या दुसऱ्या इमारतीत गेल्या. तेथे लगतच्या खोलीत क्षयाने अंथरुणाला खिळलेली एक स्त्री होती. भिंतीपलीकडचे रडणे तिच्या कानी पडत असे, पण उठून ते दार ठोठावण्याचे त्राण तिच्या अंगी नव्हते. या आजारी शेजारणीकडे अधूनमधून लक्ष द्याल काय, असे विचारण्याचे निमित्त करून व्हीलरबाईंनी पलीकडचे दार वाजविले आणि त्या आत शिरल्या. डिसेंबरच्या गारठ्यात अंगावर एक विरलेले वस्त्र असलेली एक मुलगी ठेंगण्या स्टुलावरील भांड्यात ताटवाट्या विसळीत, जवळजवळ स्वतःच्याच वजनाचा तवा पेलण्याची धडपड करीत उभी होती. दिसावयास ती पाच वर्षांची होती. तिचे वय नऊ असल्याचे पुढे कळले. टेबलावर पिळाच्या चामड्याचा चाबूक आडवा पडला होता आणि त्याच्या वळांनी तिचे हातपाय भरलेले होते. त्या मुलीचे नाव मेरी एलन.

व्हीलरबाईंनी पोलिसांचे व धर्मादाय संस्थांचे उंबरठे झिजविले. सर्वत्र पुरावा आणा असे सांगण्यात आले. अखेर मुक्या प्राण्यांना क्रौर्यापासून वाचविणाऱ्या संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्याकडे त्या गेल्या, त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी कायद्याची वाट शोधली, आणि १८७४ च्या एप्रिल महिन्यात मेरी एलन कोर्टापुढे आली. तिचे पालन करणाऱ्या स्त्रीला एक वर्षाची कैद झाली, आणि मुलांना क्रौर्यापासून वाचविण्यासाठी जगातील पहिली संस्था लवकरच न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली. या प्रसंगाचा इतिहास लिहिणारे बर्ग आणि गेरी यांची नावे आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मला आपले लक्ष त्या दोन शेजारणींकडे वेधावयाचे आहे. एकीने बोलण्याचे धैर्य केले, आणि दुसरीचे आजारपण हेच त्या दाराच्या आत जाण्याचे कारण झाले. कायदा नंतर आला; आधी भिंतीपलीकडचा कान जागा होता.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९६२ साली, कोलोराडो प्रांतातील डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात मारहाण झालेल्या मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. ७१ रुग्णालयांकडून त्यांनी एका वर्षाचा तपशील मिळविला होता. त्यात अशी ३०२ मुले आढळली, त्यांपैकी ३३ दगावली आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली. मोडलेल्या हाडांची क्ष-किरणचित्रे समोर ठेवून, ‘पाळण्यातून पडले’ या खुलाशावर डॉक्टरांनी डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असे त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंना बजाविले. त्या एका निबंधाने अमेरिका हादरली. थोड्याच वर्षांत सर्व प्रांतांनी अशा प्रकरणांची वर्दी देणे बंधनकारक केले, आणि मेरी एलनच्या खटल्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या १९७४ साली मध्यवर्ती सरकारचा कायदा झाला. केम्प यांचे उपकार मोठे आहेत. तथापि वैद्याची नजर रोग्यावर खिळावी हे स्वाभाविक असल्यामुळे, छळाचे मूळ आईबापांच्या मनोविकृतीत आहे अशी समजूत दीर्घकाळ बळावली. मारणारा हात दिसला. तो हात किती थकलेला होता, त्याला आवरणारा दुसरा हात जवळपास होता की नव्हता, हे विचारावयाचे राहून गेले.

तो प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांत जेम्स गार्बारिनो यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. मुलाची वाढ ही घर, शाळा, शेजार, रोजगार आणि राज्यव्यवस्था अशा एकात एक बसलेल्या वर्तुळांत होत असते, हा सिद्धांत मांडणाऱ्या युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांच्या विचारपरंपरेत ते वाढलेले. नेब्रास्का प्रांतातील ओमाहा शहरात त्यांनी आणि डेबोरा शर्मन यांनी दोन मोहल्ले निवडले. सांपत्तिक स्थिती दोहोंची सारखीच. परंतु एका मोहल्ल्यात मुलांच्या छळाची व आबाळीची प्रकरणे अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त, आणि दुसऱ्यात पुष्कळ कमी. मग त्यांनी चौकशी सुरू केली, आणि या चौकशीची रीतच मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांपासून टपालवाल्यापर्यंत, त्या गल्ल्यांत रोज पाऊल टाकणाऱ्या माणसांना त्यांनी साक्षीला बोलाविले आणि मग दोन्हीकडच्या कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. १९८० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की अधिक धोक्याच्या मोहल्ल्यातील कुटुंबांना आपला मोहल्ला मुले वाढविण्यास चांगला वाटत नव्हता, आणि त्यांच्या एकंदर जीवनात एक प्रकारचे सामाजिक दारिद्र्य भरून राहिले होते. पैशाचे दारिद्र्य दोन्हीकडे सारखेच होते. माणसांचे दारिद्र्य एकीकडेच होते.

या विचाराची सर्वांत कसोशीने परीक्षा झाली ती ओहायो प्रांतातील क्लीव्हलँड शहरात. ईरी सरोवराच्या काठी, कायाहोगा नदीच्या मुखाशी वसलेले हे शहर पोलादाच्या भट्ट्यांवर आणि यंत्रांच्या कारखान्यांवर मोठे झाले. रॉकफेलर यांच्या तेलकंपनीचा पाया १८७० साली येथेच घातला गेला. १९५० च्या खानेसुमारीत येथे ९ लाख १४ हजारांवर माणसे होती. १९९० च्या खानेसुमारीत ती ५ लाख ५ हजारांवर आली. या दोन आकड्यांच्या मधल्या चाळीस वर्षांत किती भट्ट्या विझल्या, ज्यांना शक्य होते अशी किती कुटुंबे उपनगरांकडे गेली, आणि जी मागे राहिली त्यांच्या दोन्ही बाजूंना किती घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, याची कल्पना श्रोत्यांनी करावी. येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील समाजकार्याच्या अभ्यासक क्लॉडिया कुल्टन आणि मानववंशशास्त्रज्ञ जिल कॉर्बिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह शहरातील खानेसुमारीचे १७७ विभाग घेतले, आणि प्रत्येक विभागातील मुलांच्या छळाच्या सरकारी नोंदी तेथील लोकस्थितीशी ताडून पाहिल्या.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. पहिली, कुटुंबांच्या साधनांचा ऱ्हास : दारिद्र्य, बेकारी, एकट्या स्त्रीवर चालणारी घरे, ओस पडलेल्या इमारती आणि घटणारी वस्ती ही सारी एकाच ठिकाणी गोळा होणे. दुसरी, अस्थिरता : बिऱ्हाडे सतत हलत राहणे, आणि त्यामुळे या वर्षीचा शेजारी पुढच्या वर्षी तेथे नसणे. तिसरी, मुलांच्या संगोपनाचा भार : मुलांच्या मानाने मोठी माणसे थोडी, स्त्रियांच्या मानाने पुरुष थोडे, आणि वृद्धांची संख्या अल्प. चौथी गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. ज्या विभागाला लागून दाट दारिद्र्याचा पट्टा असतो, त्या विभागातील मुलांनाही त्याची झळ लागते, कारण नकाशावरची हद्द कारकुनासाठी असते, दुःखासाठी नसते. आणि ज्या वस्तीत मुलांचा छळ जास्त, तेथेच हाणामाऱ्या, मादक पदार्थांचा व्यापार, कोवळ्या वयातील मातृत्व यांचेही प्रमाण जास्त असल्याचे दिसून आले. म्हणजे मुलाचा छळ हा एका घरात घडला, तरी तो एकटा उगवत नाही. ज्या जमिनीत इतर दुःखे रुजतात तीच त्याचीही जमीन असते.

या चारांपैकी तिसऱ्या कारणापाशी मी थोडा थांबणार आहे, कारण ते मी स्वतः पाहिलेले आहे. माझे बालपण मुंबईच्या गिरणगावातील एका चाळीत गेले. मजल्यावर वीस खोल्या, समोरून जाणारी एकच लांब गॅलरी, टोकाला नळ. आमच्यापासून चौथ्या खोलीत एक काकू राहत. त्यांच्या लगतच्या खोलीतील गृहस्थ गिरणीत रात्रपाळी करून सकाळी घरी येत, आणि झोपमोड झाली की त्यांचा हात मुलावर उठे. पहिला आवाज कानी पडताच काकू हातातले लाटणे पोळपाटावर ठेवून त्या दाराशी जात आणि म्हणत, “अहो, जरा पोराला पाठवता का माझ्याबरोबर? गिरणीतनं दळण आणायचंय, डबा मला एकटीला उचलत नाही.” मूल त्यांच्यामागून बाहेर पडे. डबा कित्येकदा रिकामाच असे. ते मुलालाही ठाऊक होते, त्याच्या बापालाही ठाऊक होते, आणि त्या रिकाम्या डब्याच्या आडोशाने एकाचा राग निवत असे आणि दुसऱ्याची पाठ वाचत असे. संध्याकाळी त्याच घरी काकूंकडून आमटीची वाटी जाई, आणि ती परत येताना कधी रिकामी येत नसे. कोणी कोणाला उपदेश केला नाही, कोणाची इभ्रत गेली नाही. कुल्टन आणि कॉर्बिन ज्याला संगोपनाचा भार म्हणतात, तो भार वीस खोल्यांत वाटला जात होता, एवढाच याचा अर्थ.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. महिने गेले, वर्ष गेले, आणि पुष्कळांच्या गिरण्यांची दारे त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाहीत. कोणी कोकणात परतले, कोणी घाटावर गेले, काकूही गावी गेल्या. खोल्यांतून पोटभाडेकरू आले, ते वर्षा-सहा महिन्यांनी बदलू लागले, आणि दिवसभर उघडी असणारी दारे दुपारीही लागलेली दिसू लागली. त्या सुमारास मी काही दिवस चाळीत मुक्कामाला होतो. टोकाच्या खोलीत नव्याने आलेल्या बिऱ्हाडातील एक मुलगी रात्री दबलेल्या आवाजात रडताना साऱ्या मजल्याने ऐकली. मीही ऐकली. कोणी गेले नाही. मीही गेलो नाही. ती माणसे कोण, कोठली, आपण विचारावयास गेलो तर काय म्हणतील, असा विचार करीत मी अंथरुणावर पडून राहिलो. काही महिन्यांनी ते बिऱ्हाड हलले, आणि ती मुलगी कोठे गेली हे चाळीत कोणालाही सांगता आले नाही. ज्या माणसांनी एके काळी रिकामा डबा घेऊन दार ठोठावले असते, तीच माणसे त्या रात्री भिंतीला पाठ लावून निजली होती. माणसे दुष्ट झाली नव्हती, त्यांची एकमेकांशी असलेली ओळख संपली होती.

कॉर्बिनबाईंनी क्लीव्हलँडच्या मोहल्ल्यांत लोकांशी बोलून जे टिपले, ते वाचताना मला ती रात्र आठवते. दुसऱ्याच्या मुलाला टोकावे की नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला, तेव्हा अनेकांनी भीती बोलून दाखविली. मूल उलटून बोलेल, त्याचे आईबाप भांडावयास येतील, मोठी मुले सूड घेतील. सरकारी खात्याला कळवावे, तर ते मूल घेऊन जाईल आणि आपल्याला घर मोडल्याचे पाप लागेल, हा धाक निराळाच. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शिकागोतील ३४३ मोहल्ले व ८,७८२ रहिवासी यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचे तात्पर्यही याला पोषक आहे : शेजाऱ्यांचा परस्परांवर विश्वास असणे आणि सर्वांच्या हितासाठी मध्ये पडण्याची त्यांची तयारी असणे, ही दोन्ही जेथे एकत्र नांदतात, तेथे त्याच दारिद्र्यातही हिंसा कमी आढळते.

येथवर ऐकून एखादा उत्साही अंमलदार म्हणेल, की मग काम सोपे झाले. शहराचा नकाशा घ्यावा, धोक्याच्या वस्त्या लाल रंगाने रंगवाव्या आणि तेथील घरांवर पाळत ठेवावी. या ठिकाणी शास्त्रानेच आपला हात धरला पाहिजे, आणि कुल्टन-कॉर्बिन यांचा मोठेपणा असा, की त्यांनी स्वतःच तो धरला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी सरकारी नोंदी बाजूला ठेवल्या, वीस लहान विभागांतून ४०० पालक निवडले, आणि त्या प्रत्येकाच्या बाबतीत मुलाच्या छळाकडे झुकण्याचा संभव किती आहे हे एका प्रश्नावलीने अजमाविले. दारिद्र्य आणि संगोपनाचा भार यांचा परिणाम येथेही दिसला, परंतु सरकारी नोंदींच्या अभ्यासावरून वाटला होता त्यापेक्षा तो बराच क्षीण होता. आणि दोन वस्त्यांमध्ये जेवढा फरक होता त्याहून जास्त फरक एकाच वस्तीतील दोन घरांमध्ये होता. वस्तीची सरासरी काढून ती व्यक्तीच्या कपाळी लावणे हा तर्कदोष आहे, हे विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० सालीच दाखवून दिले होते. ज्या वस्तीला आपण वाईट म्हणतो तेथील बहुसंख्य आया आपल्या तोंडचा घास मुलाच्या तोंडी घालीत असतात, आणि ज्या बंगल्याच्या फाटकावर पहारेकरी असतो त्याच्या आत काय चालते हे त्या पहारेकऱ्यालाही कळत नाही.

नोंदींची गोष्टही अशीच आहे. गरीब मूल सरकारी दवाखान्यात, सरकारी शाळेत, सरकारी मदतीच्या कचेरीत सतत कोणाच्यातरी नजरेखाली असते. श्रीमंत मुलाचा डॉक्टर घरचा असतो आणि त्याची भिंत जाड असते. म्हणून दफ्तरात जे दिसते त्यात दुःख किती आणि दुःख दिसण्याची सोय किती, हे निवडून घ्यावे लागते. याचा अर्थ दारिद्र्य निरपराध आहे असा मात्र करू नये. केरी रेशियन आणि लिंडसे बुलिंजर यांनी अमेरिकेतील २००४ ते २०१३ या काळाच्या आकड्यांवरून दाखविले आहे, की किमान वेतन ताशी एक डॉलरने वाढले, तेव्हा मुलांच्या आबाळीच्या नोंदी ९.६ टक्क्यांनी घटल्या. त्या आयांना कोणी वात्सल्य शिकविले नव्हते. त्यांच्या हाती चार पैसे अधिक आले होते. आबाळ या शब्दाची फोड मी आरंभी का केली, हे आता ध्यानात येईल.

आपल्या देशाकडे वळू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यासाठी तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारण्यात आले होते. दर तीन मुलांमागे दोन मुलांनी शारीरिक मार सोसला होता. आणि लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे अथवा विश्वासातले होते. हा दुसरा आकडा शेजाराची महती गाणाऱ्या माझ्यासारख्याने मोठ्याने वाचून दाखविला पाहिजे. ज्या सलगीमुळे काकू निःसंकोच दार ठोठावू शकत, तीच सलगी एखाद्या नराधमालाही त्या दारातून आत नेते; आणि मग आळीची अब्रू, घराण्याचे नाव, मुलीचे पुढचे लग्न, यांच्या नावाखाली तेच शेजारी तोंडाला कुलूप घालतात. ‘घरची गोष्ट घरात’ हे वचन मुलांच्या बाबतीत किती महाग पडले आहे, याचा हिशेब कोणत्याही खानेसुमारीत सापडणार नाही. म्हणून शेजार हवा, पण तो मुलाच्या बाजूने उभा राहणारा हवा. मोठ्यांची लाज झाकणारा नको.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. संकटातील मुलासाठी १०९८ या क्रमांकाची दूरध्वनिसेवा १९९६ साली याच महाराष्ट्रात, मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाली आणि देशभर पसरली. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येक इसमावर ती पोलिसांना कळविण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि सद्हेतूने वर्दी देणाऱ्याला संरक्षणही दिले आहे. १९७५ पासून अंगणवाडी आहे. गावोगावी बालसंरक्षण समित्या नेमण्याचे हुकूम आहेत. आपल्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान घडवून दारूची दुकाने बंद पाडली आहेत. त्या वेळी त्या स्वतःच्या मुलांच्या पाठीचेच रक्षण करीत होत्या, हे, कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील वस्त्यांत मद्यगृहांची दाटी आणि मुलांचा छळ यांचा संबंध शोधणाऱ्या ब्रिजेट फ्रेइस्लर यांच्या अभ्यासाशी ताडून पाहिले म्हणजे पटते. उणीव आहे ती या साधनांना शेजाराशी जोडण्याची. समितीच्या नावाची पाटी चावडीवर असते आणि तिच्या सभासदांची नावे गल्लीत कोणाला ठाऊक नसतात. अशी समिती कागदावर जगते.

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारला मुलांच्या छळाच्या प्रश्नावर सल्ला देणाऱ्या मंडळाने १९९० साली मुलांच्या छळाची स्थिती राष्ट्रीय आणीबाणीची असल्याचे जाहीर केले, आणि १९९३ च्या आपल्या अहवालात, केवळ तक्रारी नोंदवून तपास करणाऱ्या खात्यावर विसंबण्याऐवजी शेजाऱ्याने शेजाऱ्याला मदत करावी अशी रचना उभारण्याची शिफारस केली. त्या विचाराचे एक पुरस्कर्ते गॅरी मेल्टन यांनी पुढे साउथ कॅरोलायना प्रांतात तो प्रयोग प्रत्यक्षात आणला. चर्चमध्ये, शाळांत, आगीच्या बंबांच्या ठाण्यांत लहान मुलांच्या आईबापांना टेकावयास जागा, थोडी उसंत आणि ओळखीची माणसे मिळतील अशी तजवीज केली. एखाद्या घरात आनंद, दुःख किंवा काळजी असेल तर ती कोणाच्यातरी ध्यानात यावी, आणि त्या माणसाने काहीतरी करावे, एवढीच त्यामागची कल्पना होती. आपल्या वाड्यांत ही कल्पना एके काळी निराळी शिकवावी लागत नसे. आज ती जाणीवपूर्वक पुन्हा बसवावी लागणार आहे.

तेव्हा माझे मागणे अगदी साधे आहे. गृहनिर्माण संस्थांनी वाहनांच्या जागेसाठी जेवढ्या सभा घेतल्या, त्यांतील एक पाळणाघराच्या जागेसाठी घ्यावी. पुनर्वसनाच्या इमारती बांधणाऱ्यांनी एका वस्तीतील शेजारी वीस मजल्यांवर विखरून टाकण्यापूर्वी त्यांची जुनी रांग एका मजल्यावर ठेवता येते का ते पाहावे. शिक्षकांनी चौथ्या दिवशी त्या मुलाच्या घरी जावे. आणि आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या मजल्यावर किती मुले राहतात, त्यांची नावे काय, त्यांची आई कामावरून किती वाजता परतते, एवढे आज घरी जाऊन स्वतःशी आठवून पाहावे. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याचे रडणे ऐकून निजणे कठीण जाते. राग तापण्याआधी दार ठोठावता आले तर एखादा रिकामा डबा पुरेल. तो क्षण टळून गेला असेल, तर १०९८ हा क्रमांक आहे, कायदा आहे, आणि तो वापरण्यात शेजारधर्माला यत्किंचितही बाध येत नाही.

मेरी एलनचे पुढे काय झाले, हे सांगून मी आपली रजा घेतो. व्हीलरबाईंच्या माहेरच्या माणसांनी न्यूयॉर्कच्या वायव्येस, रॉचेस्टरजवळच्या खेड्यात तिला वाढविले. तिचे लग्न झाले, तिला दोन मुली झाल्या, आणि एका पोरक्या मुलीलाही तिने आपल्या घरात घेतले. थोरल्या मुलीचे नाव तिने एटा ठेवले. १९५६ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, ती वारली.